गानिना यामाची वाट

16 जुलैची संध्याकाळ झाली की येकातेरिनबर्गच्या मध्यावर असलेल्या ‘रक्तावरच्या चर्च’कडे जाणारे रस्ते माणसांनी भरू लागतात. पाठीला पिशव्या, बगलेत गुंडाळलेल्या पातळ चटया. बायकांच्या डोक्याला रुमाल, अंगात लांब घागरे आणि पायांत धावायचे बूट. उरल पर्वताच्या या शहरात जुलैत उजेड रात्री दहापर्यंत टिकतो, त्यामुळे लोक चर्चबाहेरच्या हिरवळीवर पडून दोन तास झोपून घेतात. रात्रभराची उपासना उभ्यानं व्हायची असते आणि त्यानंतर गानिना यामा या जुन्या खाणीपर्यंत सुमारे एकवीस किलोमीटर चालायचं असतं.

या शहरात रशियाच्या शेवटच्या झारचं कुटुंब मारलं गेलं. निकोलाय दुसरा, झारीना अलेक्सान्द्रा आणि त्यांची मुलगी मारिया यांना 30 एप्रिल 1918 रोजी इथं आणलं. ओल्गा, तातियाना, अनास्तासिया आणि आजारी अलेक्सेई ही बाकीची मुलं 23 मे रोजी आली. इपातियेव नावाच्या इंजिनियरचं घर सरकारनं ताब्यात घेतलं होतं. त्याभोवती उंच कुंपण घातलं, खिडक्यांच्या काचांना चुना फासला. 16 आणि 17 जुलैच्या मधल्या रात्री पहारेकऱ्यांचा प्रमुख युरोव्स्की यानं कुटुंबाला आणि त्यांच्याबरोबर राहिलेल्या चौघांना उठवून तळघरात नेलं. अलेक्सेईला चालवत नव्हतं, म्हणून बापानं त्याला कडेवर उचलून खाली आणलं. झारीनेनं बसायला खुर्ची मागितली, तेव्हा दोन खुर्च्या आणून ठेवल्या. आणि मग गोळ्या.

ते घर आता नाही. लोक तिथं जमतील या धास्तीनं सोव्हिएत सरकारनं 1977 मध्ये ते जमीनदोस्त केलं. त्या वेळी या प्रांतातले पक्षाचे प्रमुख होते बोरिस येल्त्सिन. पुढं राष्ट्राध्यक्ष झाल्यावर 1998 मध्ये हेच येल्त्सिन सेंट पीटर्सबर्गला झारच्या अंत्यविधीला उभे राहिले. घराच्या जागी बांधलेलं चर्च 2003 मध्ये पूर्ण झालं. त्याच्या खालच्या, ठेंगण्या भागात तळघराच्या खोलीची आठवण जपली आहे. मी दुपारी तिथं जाऊन आले होते. आत कुणी बोलत नाही, नुसत्या मेणबत्त्या जळत असतात.

मी रशियातल्या ऑर्थोडॉक्स पंथाची नाही, ख्रिस्तीही नाही. पुण्यात रशियन शिकले, भाषांतराच्या कामामुळे या देशात राहिले, आणि जुलैतल्या या ‘त्सार्स्किये द्नी’बद्दल, म्हणजे झारच्या दिवसांबद्दल, इतकं ऐकलं होतं की एकदा चालायचंच असं ठरवलं. कुणी मला ‘तू कोण, कशाला आलीस’ असं विचारलं नाही. डोक्याला रुमाल बांधला, एवढं पुरलं.

मध्यरात्रीच्या सुमारास उघड्यावर, चर्चच्या पायऱ्यांवर उपासना सुरू झाली. वाद्य एकही नाही. ऑर्थोडॉक्स उपासनेत फक्त माणसाचा गळा चालतो, आणि त्या रात्री एवढ्या गळ्यांतून निघालेला खर्ज पायाखालच्या फरशीत जाणवत होता. प्रसाद वाटण्यासाठी कितीतरी धर्मगुरू एकाच वेळी गर्दीत उतरले. अडीच वाजून गेल्यावर घंटा वाजल्या, पताका उचलल्या गेल्या, आयकॉन, म्हणजे संतांची पवित्र चित्रं, हातांवर आले आणि रस्ता हलला.

पहिली गोष्ट जाणवते ती वेग. ही रमतगमत चालायची मिरवणूक नाही. पुढचे धर्मगुरू झपझप निघतात आणि मागच्यांना त्यांना गाठत राहावं लागतं. शहर ओलांडून व्हेर्ख-इसेत्स्कीच्या जुन्या कारखान्याचा भाग येतो, मग सोर्तिरोव्का हा रेल्वेवाल्यांचा भाग, मग शुवाकिश आणि जंगल. पाच मजली इमारतींच्या गॅलरीत झोपेतून उठलेली माणसं उभी असतात. काही जण क्रूसाची खूण करतात, काही नुसतेच बघतात. आळंदीहून निघालेल्या दिंडीत टाळ-मृदंगावर पाय आपसूक पडतात. इथं ते काम एकच वाक्य करतं: ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर.’ एक घोळका म्हणतो, पुढचा उचलतो. तासाभरानं मी ते मनात रशियनमध्येच म्हणत होते आणि श्वासही त्याच मापानं चालला होता.

सोर्तिरोव्काच्या पुढं एक आजी माझ्या शेजारी आल्या. पर्महून आलेल्या, निवृत्त परिचारिका. छातीशी एक लहानसा आयकॉन धरलेला. मला वाटलं, झारचा असेल. पण चित्रात चष्मा लावलेले, दाढी असलेले एक गृहस्थ होते.

“हे झारचे डॉक्टर,” त्या म्हणाल्या. “येव्गेनी बोत्किन. सगळे झारसाठी चालतात, मी यांच्यासाठी चालते. तू कुठली गं?”

“भारतातली, आजी. मुंबईजवळची.”

“अगं, मग निकोलाय तर तुमच्याकडे येऊन गेलेला!” आणि चालता चालता त्यांनी मला सांगितलं. ते खरंच आहे. 1890 च्या डिसेंबरात युवराज असताना तो ‘पाम्यात अझोवा’ या युद्धनौकेतून मुंबईला उतरला होता. बरोबर धाकटा भाऊ गेओर्गी होता. तो आजारी पडला आणि त्याला मुंबईहूनच परत पाठवावं लागलं. ज्याच्या मृत्यूसाठी मी रशियातल्या रस्त्यावर रात्र काढत होते, तो बावीस वर्षांचा मुलगा असताना आमच्या मुंबईच्या धक्क्यावर पाय ठेवून गेला होता, हे ऐकून मला फार जवळचं वाटलं.

आजींचं बोलणं माझ्या डोक्यातून गेलं नाही, कारण लोक या झारला संत का मानतात, या ज्या प्रश्नानं मला इथवर आणलं होतं त्यालाच त्यांनी हात घातला होता. निकोलाय चांगला राजा नव्हता असं मला वाटतं. 1896 मध्ये त्याच्या राज्याभिषेकाच्या वेळी खोदिंका मैदानावरच्या चेंगराचेंगरीत हजाराहून अधिक माणसं गेली आणि त्याच रात्री तो फ्रेंच वकिलातीच्या नाचाला गेला. 1905 च्या जानेवारीत अर्ज घेऊन आलेल्या कामगारांवर राजधानीत गोळ्या झाडल्या गेल्या. मिरवणुकीत काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे साम्राज्याचे झेंडे घेऊन चालणारेही होते. राजेशाही परत यावी असं त्यांचं म्हणणं मला पटत नाही.

पण चर्चनंही त्याला राज्यकारभारासाठी संत ठरवलेलं नाही. परदेशातल्या रशियन चर्चनं 1981 मध्ये या कुटुंबाला हुतात्मे म्हटलं. मॉस्कोच्या चर्चनं बरीच वर्षं विचार केला आणि 20 ऑगस्ट 2000 रोजी त्यांना वेगळ्या पंक्तीत बसवलं: ज्यांनी मरण निमूटपणे, सूडबुद्धी न धरता सोसलं त्यांच्या पंक्तीत. ही पंक्ती रशियात हजार वर्षं जुनी आहे. तिची सुरुवात बोरिस आणि ग्लेब या राजपुत्रांपासून होते. 1015 मध्ये सत्तेसाठी त्यांना मारलं गेलं, आणि भावाविरुद्ध शस्त्र उचलायला त्यांनी नकार दिला अशी कथा आहे. झारचा कारभार हा संतपदाचा आधार नाही, हे निर्णयाची तयारी करणाऱ्या आयोगानं स्पष्ट सांगितलं होतं. थोरली मुलगी ओल्गा हिनं तोबोल्स्क या गावातल्या आधीच्या कैदेतून लिहिलेलं पत्र मला या सगळ्याच्या मुळाशी वाटतं: वडील म्हणतात, माझ्यासाठी कुणी सूड घेऊ नका, वाईटाला वाईट हरवत नाही, प्रेमच हरवतं.

मग त्या तळघरातल्या उरलेल्या चौघांचं काय? तिथं अकरा माणसं मेली. सात रोमानोव्ह, म्हणजे झारच्या घराण्यातले. चार नाहीत. डॉक्टर बोत्किन, दासी आन्ना देमिदोवा, आचारी इव्हान खारितोनोव्ह, सेवक अलेक्सेई त्रुप. मुलांना पळून जाण्याची मुभा कुणी दिली नव्हती, पण ही मोठी माणसं आपणहून बरोबर राहिली होती. त्रुप तर लॅटव्हियाकडचा कॅथलिक. परदेशातल्या चर्चनं 1981 मध्ये त्यालाही यादीत घेतलं. मॉस्कोनं बोत्किनना 2016 मध्ये संत म्हटलं. मला वाटतं, घराण्यात जन्म घेतल्यामुळे मरावं लागणं आणि निष्ठेपायी मरण पत्करणं यांत दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. आजी पर्मच्या इस्पितळात रात्रपाळ्या करून थकलेल्या. त्यांनी निवडलेला संत अगदी बरोबर होता.

चारनंतर आभाळ फिकटलं. जंगलात डास असे की रुमालाचं टोक तोंडावर ओढून चालावं लागलं. मागून येणाऱ्या बसमध्ये थकलेले लोक चढत होते. आजी चढल्या नाहीत.

सकाळी गानिना यामाला पोचलो. ही एक जुनी, बंद पडलेली खाण आहे. मृतदेह आधी इथंच टाकले होते. आता तिच्याभोवती मठ आहे आणि लाकडाची सात चर्च आहेत, कुटुंबातल्या प्रत्येकासाठी एक. खड्ड्याभोवती लाकडी मार्गिका आहे, आणि लोक पांढऱ्या लिली घेऊन येतात. मोठाल्या पातेल्यांतून गरम लापशी आणि चहा मिळतो. लोक गवतावर बसून खातात, बूट काढून फोड बघतात.

देह मात्र इथं राहिले नव्हते. लवकरच युरोव्स्कीच्या माणसांनी ते पुन्हा बाहेर काढले. दुसरीकडे नेताना जुन्या कोप्त्याकी रस्त्यावर गाडी चिखलात रुतली, तेव्हा तिथंच खड्डा खणून बहुतेकांना पुरलं आणि वर रेल्वेचे लाकडी स्लीपर टाकले. ती जागा पोरोसेन्कोव लोग, इथून काही किलोमीटरवर. अलेक्सांद्र अव्दोनिन आणि गेली र्‍याबोव यांनी ती 1979 मध्ये शोधली आणि गुपचूप ठेवली. 1991 मध्ये नऊ जणांचे अवशेष निघाले. उरलेल्या दोघांचे, अलेक्सेई आणि मारियाचे, 2007 मध्ये जवळच सापडले. डीएनए तपासण्या झाल्या आहेत, 2020 मध्ये रशियाच्या तपास समितीनंही ते अस्सल असल्याचं म्हटलं. पण चर्चनं निर्णय वर्षानुवर्षं लांबवत नेला, आणि मिरवणूक आजही गानिना यामालाच थांबते.

मी चहा पिऊन पोरोसेन्कोव लोगला गेले. काही क्रूस, काही दगड, थोडी फुलं, आणि मोजकी माणसं. मला हे खुपतं. पुराव्यापुढं भक्तीला बिचकायचं काही कारण नाही, आणि एवढी रात्र चालून आलेल्या लोकांना शेवटचे काही किलोमीटर नाकारू नयेत. 1998 च्या अंत्यविधीतही धर्मगुरूंनी नावं घेतली नाहीत. ‘ज्यांची नावं, प्रभू, तुलाच ठाऊक’ असं म्हणून प्रार्थना केली. पण त्या दिवशी एक गोष्ट बरोबर झाली. सेंट पीटर्सबर्गच्या पीटर-पॉल कॅथेड्रलमध्ये, जिथं पीटर महानापासूनचे बहुतेक झार पुरले आहेत, तिथं कुटुंबासोबत डॉक्टर, दासी, आचारी आणि सेवक यांनाही जागा मिळाली.