चेहरा न दाखवता दुकान ऑनलाइन नेलं: माझा अनुभव

चार माणसांसमोर बोलायचं म्हटलं की ज्यांच्या पोटात गोळा येतो, पण धंदा केल्याशिवाय ज्यांचं घर चालत नाही, अशा दुकानदारांसाठी हे लिहितो आहे. मी घड्याळजी. गिरगावात ठाकुरद्वारच्या बाजूला, चाळीच्या जिन्याखाली आमचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलं, मी शाळेत असल्यापासून तिथे बसतो. डोळ्याला भिंग, हातात चिमटा, समोर उघडलेलं घड्याळ, असा मी तासन् तास एक शब्द न बोलता बसू शकतो आणि त्यातच मला सुख वाटतं. गिऱ्हाइकाशी बोलायलाही आवडतं, पण एका वेळी एकाशी, आणि तेही त्याच्या घड्याळाबद्दल.

मेट्रोच्या कामाचे पत्रे लागले आणि आमच्या भागातली कितीतरी दुकानं वर्षानुवर्षं त्या पत्र्यांआड गेली. चालत येणारं गिऱ्हाईक आटलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये गिरगाव स्टेशन सुरू झालं, वर्दळ परत आली, पण तोवर लोकांची सवय बदलली होती. आता माणूस आधी फोनवर शोधतो आणि वर जे नाव दिसेल तिकडे वळतो. त्यामुळे फोनमध्ये दिसणं भाग होतं. ओळखीतून एक एजन्सी मिळाली. माझा सगळा राग अजून त्या एजन्सीपाशी अडकलेला आहे, म्हणून आधी तेच सांगतो.

त्यांचं ऑफिस अंधेरीला, सगळं काचेचं. पैसे आगाऊ घेतले आणि एक फॉर्म हातात दिला. ‘तुमचा ब्रँड माणूस असता तर कसा असता?’ ‘तुमच्या ब्रँडचा आवाज कसा आहे: खेळकर, बिनधास्त की प्रेरणादायी?’ शांत हा पर्यायच त्यात नव्हता. मी चावीची घड्याळं करतो की फक्त सेलची, ऑटोमॅटिक उघडतो का, भिंतीवरची घेतो का, जुन्या घड्याळांचे सुटे भाग मिळतात का, हे विचारणारा एकही प्रश्न त्या पानांमध्ये नव्हता. गिऱ्हाईक तर दुकानात पाऊल टाकल्या टाकल्या नेमकं हेच विचारतं. मी शेवटच्या पानाच्या मागच्या कोऱ्या बाजूला हे सगळं सुवाच्य अक्षरात लिहून दिलं. ते कुणी वाचलं नाही.

मग महिन्याचा तक्ता आला. सोमवारी स्फूर्ती देणारं वाक्य, बुधवारी चालू गाण्यावर रील, शुक्रवारी ‘मालकाशी गप्पा’. त्या गप्पांसाठी एक मुलगा कॅमेरा घेऊन आला. आत जागा नाही म्हणून माझं स्टूल उचलून फुटपाथवर मांडलं. ‘काका, हाय गाईजने सुरू करा. आणि हात जरा हलवा ना.’ शेजारचा इस्त्रीवाला हातातलं काम सोडून बघतोय, वरच्या गॅलरीतून दोघी-तिघी वाकून बघतायत, आणि माझ्या घशातून आवाज फुटत नाही. मी त्याला म्हटलं, मी आत जाऊन माझं काम करतो, तू माझ्या हातांचं शूटिंग कर. तर म्हणाला, ‘काका, फेस तर लागणारच. फेसशिवाय काही चालत नाही.’

हे वाक्य मी पुष्कळ ठिकाणी ऐकलं आहे आणि ते साफ खोटं आहे. ज्याला बोलण्याची हौस आहे त्याने जरूर बोलावं. पण ज्याला नाही, त्याला हे वाक्य ऐकवून आपण धंद्यालाच नालायक आहोत असं वाटायला लावतात, याची मला मनापासून चीड आहे.

मी नकार दिल्यावर त्यांनी कुठूनतरी उचललेले स्मार्टवॉचचे चकचकीत फोटो टाकायला सुरुवात केली. मी स्मार्टवॉच दुरुस्तच करत नाही. लोक ती घेऊन यायला लागले आणि मी प्रत्येकाची माफी मागत परत पाठवू लागलो. शेवटी काम थांबवा म्हणून सांगितलं. खरा त्रास तिथून सुरू झाला.

माझ्या दुकानाची गुगल मॅपवरची नोंद त्यांनी मला न सांगता त्यांच्याच ईमेलवर उघडली होती. इन्स्टाग्रामचं पेजही तसंच. पासवर्ड मागितला तर म्हणे, ‘तो आमच्या मास्टर अकाउंटला जोडलेला आहे, देता येत नाही.’ मग दुसरा फॉर्म, काम सोडण्याचा. तो भरून दिला. ‘टीमशी बोलून कळवतो.’ पुढच्या फोनला दुसरीच व्यक्ती, तिला काहीच ठाऊक नाही, पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगा. फोन करणं हे माझ्यासारख्या माणसाला किती जड जातं ते ज्याला कळतं त्यालाच कळेल. आधी काय बोलायचं ते कागदावर लिहून घ्यायचो, मग नंबर फिरवायचो आणि पलीकडून ‘होल्ड करा हां सर’ ऐकत बसायचो.

त्या नोंदीत दुकान रविवारी उघडं असं लिहिलेलं. आमचं दुकान रविवारी बंद असतं, वडिलांच्या काळापासून. एका सोमवारी डोंबिवलीचे एक आजोबा आले. आदल्या दिवशी लोकलने येऊन, बंद शटर बघून परत गेले होते. रुमालात गुंडाळलेलं एचएमटीचं ‘जनता’ घड्याळ होतं, त्यांच्या पहिल्या नोकरीतलं. मला रागावले नाहीत, नुसते म्हणाले, ‘फोनमध्ये उघडं दाखवलं होतं हो.’ माझ्याच दुकानाची वेळ मला दुरुस्त करता येत नव्हती. मॅपवर कुणीही बदल सुचवू शकतो, तसा मीही सुचवला. तो तपासणीतच पडून राहिला.

यातून वाट काढली माझ्या भाचीने. तिने शोधून सांगितलं, ‘मामा, तू त्यांच्याकडे मागतोच आहेस कशाला? गुगलकडे माग.’ दुसऱ्याच्या हातात असलेल्या नोंदीची मालकी मागण्याची सोय तिथेच आहे. मॅपवर आपलं दुकान उघडायचं, मालकी सांगण्याचा पर्याय दाबायचा, आपण कोण ते भरायचं. ज्याच्याकडे नोंद आहे त्याला उत्तर द्यायला ३ दिवस मिळतात. तो गप्प बसला तर पुढे आपल्याला स्वतः नोंद ताब्यात घ्यायचा पर्याय दिसू शकतो. आमची एजन्सी गप्पच बसली. त्यांच्या त्या सवयीचा एवढा एकच फायदा मला झाला.

मग पडताळणी, आणि तीही व्हिडिओने. हे वाचून माझे हातपाय गार पडले. पण नियम नीट वाचले तर त्यांना भलतंच हवं होतं. रस्ता आणि आजूबाजूची दुकानं दिसली पाहिजेत, पाटी दिसली पाहिजे, कामाची हत्यारं दिसली पाहिजेत, आणि दुकान आपल्याच ताब्यात आहे हे दिसलं पाहिजे, म्हणजे कुलूप उघडणं वगैरे. सलग एकच चित्रण, मध्ये काटछाट नाही. आणि चेहरा दाखवायची गरज नाही, असं स्पष्ट लिहिलेलं.

सकाळी रस्त्यावर माणसं नसताना आम्ही ते केलं. फोन भाचीच्या हातात. कोपऱ्यावरची रस्त्याची पाटी, इस्त्रीवाल्याचं बंद टेबल, आमची वडिलांच्या नावाची पाटी, मग माझ्या हातातली किल्ली, कुलूप, शटर वर जातानाचा खडखडाट. आत दिवा लागला. काच बसवायचं प्रेस, स्क्रू-ड्रायव्हरचं फिरतं स्टँड, भिंग आणि वडिलांचे पत्र्याचे डबे, ज्यांवर त्यांच्या अक्षरात ‘काटे’, ‘चाव्या’, ‘बॅलन्स’ लिहिलेलं आहे. मी एक अक्षर बोललो नाही. पाठवण्याआधी आम्ही तो परत बघितला आणि मी चक्क पुन्हा एकदा लाव म्हटलं. भाची म्हणाली, ‘मामा, लोकांना हेच दाखव की.’

तपासायला ५ कामाचे दिवस लागू शकतात असं सांगितलं जातं. त्या दिवसांत फोन किती वेळा उघडून बघितला याला गणती नाही. नोंद ताब्यात आल्यावर पहिलं काम केलं ते रविवार बंद करण्याचं, दुसरं स्मार्टवॉचचे फोटो काढून टाकण्याचं. तुम्ही आजच बघा, तुमच्या दुकानाची नोंद कुणाच्या ईमेलवर आहे. एजन्सी कितीही चांगली असो, मालक म्हणून तुमचाच ईमेल हवा. त्यांना मॅनेजर म्हणून जोडता येतं आणि हवं तेव्हा काढताही येतं.

इन्स्टाग्रामचं पेज नव्याने उघडलं, माझ्या नंबरवर. त्यावर फक्त हात आणि घड्याळं असतात, आणि हे काम मला आता आवडतं. मनापासून आवडतं. पहिला व्हिडिओ डोंबिवलीच्या आजोबांच्या जनताचा, त्यांना विचारूनच. साफ करून, तेल घालून सगळं बसवलं, बॅलन्स, म्हणजे घड्याळाला ठोका देणारं झुलतं चाक, जागेवर ठेवला, त्याला वरून धरणाऱ्या पट्टीचा, म्हणजे पुलाचा, स्क्रू आवळला आणि चावीला थोडा पीळ दिला. क्षणभर काही नाही. मग चाक एकदम झुलायला लागतं. हा क्षण मी आयुष्यभर एकट्याने बघत आलो. तो दुसऱ्यांनाही बघावासा वाटेल हे मला कधी कुणी सांगितलंच नव्हतं. या घड्याळाचे ताशी १८,००० ठोके, म्हणजे सेकंदाला ५. फोनच्या स्लो मोशनमध्ये त्या चाकाची केसासारखी स्प्रिंग मिटते आणि उमलते ते नीट दिसतं.

स्लो मोशनवरून आठवलं. ट्यूबलाइट किंवा साध्या एलईडीखाली स्लो मोशन घेऊ नका, चित्र लुकलुकतं. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे आपल्या डोळ्याला कळत नसलं तरी दिव्याचा उजेड कमीजास्त होत असतो आणि कॅमेरा ते पकडतो. दारातला दिवसाचा उजेड घ्या, नाहीतर बॅटरीवरचा दिवा. साध्या व्हिडिओला कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ५० हर्ट्झ निवडायची सोय असली तर निवडा. चकाकणाऱ्या वस्तूसाठी दिव्यापुढे थोड्या अंतरावर बटर पेपर धरला की काम होतं.

आवाज म्हणून मी गाणं लावत नाही. पंखा बंद करतो, फोन घड्याळाच्या अगदी जवळ आणतो, टिकटिक येते तेवढी पुरते. सांगायचं ते चित्राखाली लिहितो, आणि लिहायला वेळ मिळतो हीच तर गंमत आहे. बोलताना जे सुचत नाही ते रात्री जेवण झाल्यावर सावकाश सुचतं. जनताच्या व्हिडिओखाली लिहिलं की एचएमटीने १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळं बनवायला सुरुवात केली आणि २०१६ साली सरकारने एचएमटी वॉचेस कंपनी बंद करायचा निर्णय घेतला. खाली लोकांनी आपापल्या घरच्या घड्याळांच्या आठवणी लिहिल्या. मी एकेकाला उत्तर दिलं, निवांत. समोर गर्दी नसते, एका वेळी एकच माणूस असतो, अगदी दुकानासारखा.

काय टाकायचं हा प्रश्न मला पडत नाही, कारण गल्ल्याजवळ वही ठेवली आहे. गिऱ्हाईक जे विचारतं ते त्यात लिहितो. घड्याळात पाणी गेलं तर तांदळात ठेवायचं का? नाही, त्याने आतलं पाणी निघत नाही आणि गंज थांबत नाही, त्याच दिवशी उघडून घ्या. बंद घड्याळात जुना सेल ठेवला तर काय होतं? तो गळतो आणि सर्किट खातो. सेलच्या घड्याळाची वेळ इतकी बरोबर कशी? आतला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो म्हणून. ऑनलाइन स्वस्तात मिळणारं ‘नवंकोरं’ जुनं एचएमटी खरं असतं का? बऱ्याचदा डायल पुन्हा रंगवलेली असते, जवळून बघितलं तर अक्षरांच्या कडा फुटलेल्या दिसतात. एकेक प्रश्न म्हणजे एकेक व्हिडिओ.

घड्याळाच्या मागच्या बाजूला पुष्कळदा नाव, तारीख कोरलेली असते. ती कॅमेऱ्यात येऊ देऊ नका, आणि मालकाला विचारल्याशिवाय काहीच टाकू नका. मी पावती करतानाच विचारतो. नाही म्हणणारे असतात, त्यांचा मान ठेवायचा.

व्हॉट्सॲप बिझनेसवर ठरलेली उत्तरं साठवून ठेवता येतात: पत्ता, वेळ, कोणती कामं घेतो आणि कोणती नाही. दुकान बंद असताना आपोआप संदेश जातो. माझे फोन त्याने खूप कमी झाले. रोज टाकायचंच असा नेम मी ठेवलेला नाही. काम सुंदर असेल त्या दिवशी शूटिंग, इन्स्टाग्रामच्या सूचना दिवसभर बंद, उत्तरं दुपारच्या चहानंतर.

एजन्सीने उघडलेलं ते जुनं पेज अजून तिथेच आहे, आमच्याच नावाने, स्मार्टवॉचच्या फोटोंसकट. तक्रार केली आहे, पुन्हा करणार आहे. तोवर दुकानाचं नाव शोधताना हात आणि पत्र्याचे डबे दिसतील तेच आमचं पेज समजा, आणि रविवारी येऊ नका.