तुम्ही विचारलंत म्हणून: मधुमेहासाठी आणि वजन उतरवायला घेतात त्या सेमाग्लुटाइड इंजेक्शनने डोळे जातात का?

हो की नाही, एवढंच सांगा म्हणता. तसं सांगता येत नाही, कारण 'डोळे गेले' म्हणून येणारी बहुतेक तक्रार निव्वळ धूसर दिसण्याची असते. साखर झपाट्याने उतरली की डोळ्यातलं भिंग पाणी कमी-जास्त धरतं आणि नंबर हलतो. काही आठवड्यांत तो स्थिरावतो. तोवर नवा चष्मा करू नका.

डोळ्यामागच्या पडद्याची, म्हणजे रेटिनाची, गोष्ट गंभीर आहे. 2016 च्या सस्टेन-6 चाचणीत पडद्याची गुंतागुंत सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांत 3 टक्के होती, औषधाविना नुसतं इंजेक्शन घेणाऱ्या गटात 1.8 टक्के. आधीच पडदा बिघडलेला असताना साखर वेगाने उतरली की असं होतं. इन्सुलिनवरही झालेलं आहे. म्हणून पहिल्या इंजेक्शनआधी बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या.

पण तुम्हाला विचारायचं असतं ते डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेबद्दल. सकाळी उठल्यावर एका डोळ्याचं दिसणं गेलेलं असतं, बरेचदा खालचा अर्धा भाग. दुखत नाही, डोळा लाल नाही, म्हणून माणूस वाट बघत बसतो. दुसरा डोळा सांभाळून घेतो, त्यामुळे कित्येकांना चांगला डोळा सहज झाकला जाईपर्यंत पत्ताच नसतो. आत काय झालेलं असतं? नसेच्या तोंडाशी रक्तपुरवठा कमी पडतो, नस सुजते, आणि जागा मुळातच अरुंद असेल तर सुजेने आणखी आवळली जाते. गेलेली नजर परत आणणारा खात्रीचा उपाय आजही नाही.

हे औषधामुळेच होतं का? जून 2025 मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी हा अतिदुर्मीळ दुष्परिणाम मानला: घेणाऱ्या दहा हजारांत फार तर एक. तरी मधुमेह, रक्तदाब, झोपेत श्वास अडकणं ही कारणं त्याच माणसांत ठाण मांडून असतात, तेव्हा एकेका रुग्णापुरतं बोट दाखवणं मला जमत नाही. आणि घाबरून परस्पर इंजेक्शन सोडणाऱ्यांनो, चढलेली साखर पडदा खराब करते. तो धोका दुर्मीळ मुळीच नाही.

रोज एकेक डोळा झाकून वाचून बघा. फरक वाटला तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर गाठा, आणि त्यांनी बघेपर्यंत पुढचा डोस घेऊ नका. निदान पक्कं झालं तर सेमाग्लुटाइड बंद. एका डोळ्याला हा झटका आधीच येऊन गेला असेल, तर ते सुरू करावं असं मी म्हणणार नाही, वजन कितीही असो.