एक स्पेस आणि हरवलेला सी७

स्फटिकातल्या रेणूची रचना शेलएक्सएल या प्रोग्रामवर जुळवत होतो, आणि आर (मॉडेल आणि मोजमाप यांतली तफावत, जितकी कमी तितकी बरी) ०.०४८ वर आला होता. म्हटलं, झालं. खाली जाऊन चहा घेतला (नांदेडात मे महिन्यातही चहाच सुचतो), वर येऊन शेलएक्सएल पुन्हा चालवलं तर आर ०.११! मधे केलं काय, तर लातूरच्या मित्रानं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या सहा कार्बनच्या ओळी आयएनएस फाइलीत (अणूंची यादी तिच्यात असते) जुन्यांच्या जागी चिकटवल्या. एवढंच.

चित्र उघडलं. बेंझिनच्या कड्याचा एक कोपराच नाही, आणि शिल्लक शिखरांतलं (जिथं इलेक्ट्रॉन दिसतात पण अणू लावलेला नाही अशा जागा) सगळ्यात उंच, क्यू१, नेमकं त्या कोपऱ्यावर बसलेलं. मग फाइल डोळे फाडून वाचली.

 सी७ १ ०.४१२ ०.२३७ ०.६०५ ११.००००० ...

आकडे बरोबर. (ते ११ म्हणजे अकरा नव्हे, अणूनं जागा किती भरली तो आकडा एक, त्यात दहा मिळवून त्याला खिळा ठोकलाय, हलू नये म्हणून.) चूक होती सी७ च्याही आधी. एक स्पेस.

शेलएक्सला (शेलएक्सएल त्यातलाच) दोन आकड्यांमधे एक स्पेस द्या नाहीतर दहा, कुरकुर नाही. पण ओळच स्पेसनं सुरू झाली की तो तिला शेरा समजून सोडून देतो. त्यात अणूची ओळ लांब. जॉर्ज शेल्ड्रिक यांनी हे फोर्ट्रानमधे लिहिलं तेव्हा पंच कार्डांचा जमाना होता, एका कार्डावर ८० रकाने. म्हणून ओळीच्या शेवटी = टाकायचं आणि उरलेले आकडे पुढच्या ओळीवर, तेही स्पेस सोडूनच लिहायचे. म्हणजे पहिली ओळ शेरा झाली की दुसरीही तिच्यामागं गेलीच. अख्खा अणू गेला, आणि प्रोग्राम सुरळीत चालू.

तसं प्रोग्रामच्या अहवालात, एलएसटी फाइलीत, लिहिलं होतं की युनिटच्या ओळीतला अणूंचा हिशेब आणि अणूंची यादी जुळत नाही. पण हायड्रोजन अजून लावलेच नव्हते, त्यामुळं ती ओळ रोजचीच. कोण वाचतं?

चिडून पायथनमधे तपासनीस लिहिला. आयएनएस जमलं, मग हुरूप येऊन मोजलेल्या तीव्रतांची एचकेएल फाइलही स्प्लिटनं, म्हणजे स्पेस दिसेल तिथं, तोडायला गेलो. तिथं सगळं उलटं. एच, के, एल या प्रत्येक ठिपक्याच्या तीन क्रमांकांना प्रत्येकी चार रकाने, मग तीव्रतेला आठ, सिग्माला (तिच्यातल्या अनिश्चिततेला) आठ. २, ० , ० ची तीव्रता १२३४५.६७ निघाली, आठही रकाने भरले, आणि एलचा शून्य तिला जाऊन चिकटला: ०१२३४५.६७. पाचाऐवजी चारच आकडे. शेवटी रकाने मोजूनच कापले.

रात्री फोनवर बाबांना हे सांगत होतो. त्यांना किती कळलं माहीत नाही, पण म्हणाले, "फोकून पेरलेल्यात कोळपं कुठून घालशील रे?"

सी७ परत आला, आर पुन्हा ०.०४८. मित्राला सांगितलंय, ओळी नको, फाइल पाठव. हायड्रोजन अजून लावायचेत.