३२ जीबीचं डबडं, डेबियन आणि अमळनेरचा मे महिना

आधी चूक कबूल करतो, मग बाकीचं. फेब्रुवारीच्या नोंदीत मी छातीठोकपणे लिहिलं होतं की या छोट्या लॅपटॉपचं हँग होणं मॅक्स सी-स्टेटवालं पॅरामीटर (प्रोसेसरला गाढ झोपेत जाऊ न देणारी सेटिंग) टाकलं की बंद होतं, आणि माझं ऐकून पारोळ्याच्या एका मित्राने त्याच्याकडच्या मशीनला पण ते टाकलं. ते चुकलं होतं. कसं चुकलं ते सापडायला मे महिना उजाडावा लागला, म्हणून ही नोंद जरा लांबणार आहे.

ज्यांनी आधीचं वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात मशीन. अ‍ॅटम झेड ३७३५ एफ प्रोसेसर, बे ट्रेल पिढी, २०१४ च्या आसपासचा माल, चार कोर, १.३३ गिगाहर्ट्झ, बूस्टला १.८३. रॅम २ जीबी आणि ती बोर्डावरच चिकटवलेली, वाढवायचा विषयच नाही. स्टोरेज ३२ जीबी ईएमएमसी (बोर्डावरच बसवलेली स्वस्तातली साठवणीची चिप), जी लिनक्सला २९ आणि थोडी दिसते. पंखा नाही. पूर्ण साइजचा यूएसबी एकच. भाच्याने कॉलेजला असताना घेतलेला, मग विंडोजचे अपडेट त्या ३२ जीबीत मावेना झाले आणि तो कपाटात साड्यांच्या खाली जाऊन बसला. कंपनीचं नाव विचारू नका, अशी डझनभर नावं एकाच साच्यातून निघालेली असतात.

तो बाहेर काढून विंडोजऐवजी लिनक्स टाकायचं ठरवलं, आमच्या घरच्या आप्पांसाठी. त्यांना एवढंच पाहिजे होतं की कापसाचे भाव बघता यावेत, सातबाऱ्याची पीडीएफ उघडावी, मजुरीचा हिशेब मराठीत ठेवता यावा आणि संध्याकाळी कीर्तन लागावं. मोबाइलवर हे सगळं होतं, पण मोबाइलचे अक्षरं त्यांना दिसत नाहीत.

इन्स्टॉलचा भाग पटकन सांगतो कारण तो जुना झाला. पहिल्यांदा नेहमीच्या एका डिस्ट्रोचा (लिनक्सच्या एका प्रकाराचा) ६४ बिट आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलची फाइल, पेनड्राइव्हवर मारला तर बूट मेनूत पेनड्राइव्हच दिसेना. दोन पेनड्राइव्ह बदलले, तिसरा शेजाऱ्याचा आणला, त्याच्या लग्नाचे फोटो कॉपी करून ठेवले आणि मग फॉरमॅट केला, तरी तेच. भानगड अशी की या मशीनचा प्रोसेसर ६४ बिट आहे पण यूईएफआय (मशीन सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर, जुन्या बायोसची नवी आवृत्ती) ३२ बिटचं, त्यामुळे ते पेनड्राइव्हवर बूट-आयए-३२ नावाची फाइल शोधतं आणि आपण त्याच्यासमोर बूट-एक्स-६४ ठेवलेली असते. डेबियन या लिनक्सच्या १२ व्या आवृत्तीच्या ६४ बिट आयएसओत दोन्ही असतात, तो मारला आणि पहिल्या फटक्यात मेनू आला. वर वायफायसारख्या चिपांना लागणारं फर्मवेअर पण इन्स्टॉलरमधेच मिळतं, जून २०२३ पासून डेबियनने ही सोय केली, नाहीतर आधी वायफायच्या फर्मवेअरसाठी वेगळा पेनड्राइव्ह घेऊन फिरायला लागायचं.

इन्स्टॉल झालं, रीबूट केलं, आणि थेट बायोसच्या सेटिंगचा निळा स्क्रीन. परत रीबूट, परत निळा. डेबियन आत होतं, पण या यूईएफआयला बूटची नोंद लक्षातच राहत नाही, त्याला फक्त ठरलेल्या जागी ठरलेल्या नावाची फाइल समजते. पेनड्राइव्हवरून रेस्क्यू मोडमधे गेलो, ग्रबचं, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचं, ग्रब-ईएफआय-आयए-३२ हे पॅकेज रीकॉन्फिगर केलं, ते विचारतं की ग्रब रिमूव्हेबल मीडियाच्या पाथवर पण जबरदस्तीने टाकू का, त्याला हो म्हटलं. तेव्हापासून एकदाही निळा स्क्रीन आला नाही. कोणी असं मशीन हातात घेतलं तर हा प्रश्न आधीच हो करून टाका, माझा अख्खा रविवार गेला.

वायफायने पण अर्धा तास खाल्ला, पण ती माझीच अक्कल. मोबाइलचा हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर होता आणि या लॅपटॉपची चिप फक्त २.४ वाली, तिला तो दिसणारच कसा. आवाजाला डमी आउटपुट दाखवत होतं, डीमेसेगमधे (कर्नलच्या संदेशांच्या यादीत) एसएसटी ०एफ२८ नावाची फाइल नाही म्हणून रडत होतं, फर्मवेअर-इंटेल-साउंड टाकलं आणि कीर्तन सुरू.

आता मुद्दा. एलएक्सक्यूटी हा हलका डेस्कटॉप टाकला होता, उघडल्या उघडल्या चारशे एमबीच्या आसपास रॅम खायचा, म्हणजे तसं बरं. पण ब्राउझरमधे चार-पाच टॅब झाले की माउस अडखळायचा, मग थांबायचा, मग काहीच नाही. कॅप्स लॉकचा दिवा पण लागायचा नाही. आप्पा आतून आवाज द्यायचे, "हाई डबडं परत गयं रे, माले भाव देखाना शेतस!" पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवायचं आणि परत सुरू.

बे ट्रेल म्हटलं की हँगवर एकच औषध सगळ्यांना पाठ असतं. प्रोसेसर रिकामा असला की खोल झोपेत जातो, सी-६, सी-७ वगैरे, आणि जुन्या कर्नलवर (लिनक्सच्या गाभ्यावर) या पिढीला त्या झोपेतून जाग येत नसे. म्हणून ग्रबच्या ओळीत इंटेल-आयडलचं मॅक्स सी-स्टेट १ करायचं, म्हणजे प्रोसेसर नुसता डुलकी घेतो, गाढ झोपत नाही. मी पण डोळे झाकून तेच केलं. आणि त्याच संध्याकाळी, त्याच बसण्यात, झेडरॅम पण लावलं, म्हणजे रॅम भरत आली की तिच्यातलाच डेटा दाबून कमी जागेत ठेवायची सोय. झेडरॅम-टूल्स पॅकेज, अल्गोरिदम झेडएसटीडी, पर्सेंट ६०. दोन्ही करून रीबूट मारला, हँग बंद, आणि मी नोंदीत लिहून टाकलं की पॅरामीटरने काम केलं. एकाच रात्री गोळी पण घेतली आणि काढा पण घेतला, आणि सकाळी ताप उतरल्यावर नाव गोळीचं झालं.

मार्च गेला, एप्रिल गेला. आप्पा खुश. मे लागला आणि दुपारी दोनच्या सुमारास लॅपटॉप आपोआप बंद व्हायला लागला. लक्षात घ्या, हँग नाही, बंद. स्क्रीन काळा, दिवा विझलेला. बटण दाबलं की लगेच चालू व्हायचा, दहा मिनिटांनी परत बंद. सकाळी काहीच त्रास नाही. रात्री पण नाही.

मला वाटलं बॅटरी गेली. मग वाटलं चार्जरची पिन सैल आहे, तिला चिकटपट्टी लावली. मग वाटलं व्होल्टेज, कारण दुपारी आमच्याकडे लाइटचा खेळ चालूच असतो. तीन दिवस या तीन संशयांत गेले. चौथ्या दिवशी डोकं ठिकाणावर आलं आणि जर्नल-सीटीएल या कमांडने मागच्या बूटचा लॉग उघडला, शेवटून वर वाचत गेलो तर शेपटीलाच सरळ लिहिलेलं, क्रिटिकल टेम्परेचर रीच्ड, शटिंग डाऊन. मशीन तीन दिवस ओरडून सांगत होतं आणि मी पिनीला चिकटपट्टी लावत बसलो होतो.

आमची पुढची खोली पत्र्याची आहे. मेमधे खान्देशात बाहेर ४४-४५ सहज होतं, त्या पत्र्याखाली काय होत असेल ते ज्याने अनुभवलंय त्यालाच माहीत, स्टीलचा पेला हातात घ्यावासा वाटत नाही. त्यात आप्पा लॅपटॉप गादीवर ठेवून बघणार. पंखा नसलेल्या मशीनने जायचं कुठे?

सेन्सर्स कमांड लावून वहीत आकडे लिहायला बसलो. दुपारी अडीच, खोलीत भिंतीवरचं थर्मामीटर ४२, लॅपटॉपवर काहीच उघडलेलं नाही, तरी कोर ६९ ते ७१. काहीच काम नसताना एवढं? व्हिडिओ लावला तर सात मिनिटांत ८७, पुढे मीच बंद केला. आणि मग ट्यूब पेटली. मॅक्स सी-स्टेट १. मीच त्याला झोपू देत नव्हतो! माणूस काय आणि प्रोसेसर काय, मेच्या दुपारी झोप नाही मिळाली तर तापणारच.

पॅरामीटर काढलं, अपडेट-ग्रब, रीबूट. मशीन थंड व्हायला तासभर दिला, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी त्याच जागी बसलो. काहीच उघडलेलं नसताना ६० ते ६२. खोलीत तेच ४२. आठ-नऊ डिग्रीचा फरक, फक्त झोपू दिल्याचा.

पण मग पोटात गोळा, की आता हँग परत येणार. आला नाही. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. म्हणून यावेळी नीट, एका वेळी एकच गोष्ट बदलून बघितलं. पॅरामीटर काढलेलं, झेडरॅम चालू, नऊ टॅब आणि त्यात एक कीर्तनाचा व्हिडिओ, काहीच होत नाही, जरा रेंगाळतं पण चालतं. मग उलटं, पॅरामीटर टाकलेलं, झेडरॅम बंद, आणि सहाव्या टॅबला तोच जुना प्रकार, माउस अडखळला, थांबला, खलास. कॅप्स लॉकचा दिवा लागेना. दोनदा करून बघितलं, दोन्ही वेळा सहा-सात टॅबच्या आतच.

म्हणजे फेब्रुवारीतलं हँग होणं सी-स्टेटचं नव्हतंच. रॅम भरायची, इन्स्टॉलरने आपोआप १ जीबीचं स्वॅप (रॅम भरली की तिच्यातला डेटा ठेवायची जागा) ईएमएमसीवर केलेलं होतं, आणि ही स्वस्तातली ईएमएमसी छोट्या छोट्या लिखाणाला इतकी मंद की सगळं मशीन तिच्या रांगेत उभं राहायचं. दिवा लागत नव्हता म्हणून मला वाटलं कर्नल मेला, पण एकदा मुद्दाम बटण न दाबता चहा करून प्यायलो, भाकरीचा तुकडा खाल्ला, आणि वीसेक मिनिटांनी माउस आपला आपण हलला. मेलेला नव्हता, रांगेत होता. डेबियन १२ चं कर्नल ६.१ आहे, आणि सी-स्टेटचा तो जुना आजार माझ्या मशीनवर या कर्नलला मला दिसला नाही. तुमच्याकडे दिसला तर पॅरामीटर जरूर टाका, पण आधी झेडरॅम लावून आठवडाभर बघा आणि मग.

झेडरॅम काय करतं ते एका ओळीत बघायचं तर झेडरॅम-सीटीएल मारा. माझ्याकडे नऊ टॅब असताना डेटा ७८० एमबी आणि दाबून ठेवल्यावर २३० च्या आसपास दिसत होता. हिवाळ्यात गोधड्या पिशवीत कोंबून माळ्यावर टाकतो तसंच. स्वॅपिनेस (स्वॅप किती लवकर वापरायचं ती सेटिंग) १०० केलं आणि ईएमएमसीवरचं स्वॅप एफएसटॅब या फाइलमधून काढूनच टाकलं, तेवढीच तिची झीज कमी.

उष्णतेचं मात्र नुसतं पॅरामीटर काढून भागलं नाही, व्हिडिओ चालू असला की ८२-८३ जातंच होतं. म्हणून झाकण उघडायचं ठरवलं. खालचे दहा स्क्रू, त्यातले दोन रबरी पायांच्या खाली लपलेले. इथे एक रडगाणं, ज्या गावात १९४५ साली विप्रोने वनस्पती तेलापासून सुरुवात केली त्या गावात मला दुपारभर फिरून बारीक फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर मिळेना, शेवटी चष्म्याच्या दुकानदाराने त्याचा दिला, तो पण तिथेच बसून उघडा या अटीवर. मग काय, त्याच्या काउंटरवर, काचेच्या फ्रेमांच्या शेजारी ऑपरेशन.

उघडल्यावर आधी बॅटरी बघितली, फुगलेली नव्हती, नाहीतर तिथेच थांबलो असतो. तुम्ही पण आधी तेच बघा, फुगलेल्या पाउच बॅटरीला स्क्रू ड्रायव्हरचं टोक लागलं तर खेळ संपला. प्रोसेसरवर पत्र्याचं बारीक झाकण, त्यावर काळी पट्टी, आणि त्या पट्टीचा खालच्या प्लास्टिकशी काही संबंधच नाही, मधे हवा. मोबाइल रिपेअरवाल्याकडून १ मिलीमीटरचं थर्मल पॅड आणलं, ते त्या झाकणावर ठेवलं आणि त्याच्यावर जुन्या अ‍ॅल्युमिनियमच्या ताटलीतून कापलेला तळहाताएवढा तुकडा, कडा कानशीने घासून आणि खाली बोर्डाला कुठे टेकू नये म्हणून चारी बाजूंनी कॅप्टॉन टेप, म्हणजे उष्णता सोसणारी आणि वीज न वाहणारी चिकटपट्टी. ताटली कोणाची ते घरात अजून कळलेलं नाही.

त्या दिवसाचा आकडा: दुपारी पावणेतीन, खोलीत ४३, व्हिडिओ चाळीस मिनिटं, ७४ च्या वर गेलं नाही. खालचं प्लास्टिक गरम लागतं, पण ते लागायलाच पाहिजे, म्हणजे उष्णता बाहेर येतेय. गादीऐवजी पाट दिलाय. कणीक मळायच्या वेळी तो पाट आत जातो, तेवढा वेळ आप्पांना वर्तमानपत्र वाचावं लागतं.

पारोळ्याच्या मित्राला फोन करून सांगितलं की भो, ते काढ आणि झेडरॅम लाव. तो म्हणे, मी तर गरम होतं म्हणून कधीचाच बंद करून ठेवलाय.

राहिलेलं काम: ब्लूटूथ अजून दिसत नाही, ते सिरियल पोर्टला जोडलेलं आहे आणि मी अजून हात लावला नाही. झाकण मिटलं की सस्पेंड होतं पण बॅटरी रात्रभरात जवळपास संपते, खरी झोप मशीनला लागतच नाही. यावर मी डोकं खाजवत होतो तर आप्पा म्हणे त्यांना झोप वगैरे काही नको, झाकण लावलं की बंद झालं पाहिजे. मग लॉगइन-डीच्या (झाकण, बटण वगैरे सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या) कॉन्फिगमधे लिड स्विचला पॉवरऑफ लिहून दिलं. उघडून बटण दाबलं की पन्नास सेकंदांत डेस्कटॉप येतो, तोवर ते चष्मा पुसतात.