भामचंद्रावर

आज सुट्टी होती, म्हणून चाकणजवळच्या भामचंद्र डोंगरावर गेलो. गुहेपाशी वारकरी शिक्षण घेणारी मुलं पाठांतर करत होती. खाली चाकणच्या कारखान्यांची पत्र्याची छपरं उन्हात चकाकत होती. डोळे मिटून बसलो, पण मन घुटमळत होतं मामेभावापाशी. त्याच्या अडचणीत मी पैसे दिले. तेव्हापासून तो मला टाळतो. लग्नकार्यात समोर आलो की दोघेही मोबाइल काढतो.

मन:शांतीसाठी मी इगतपुरीला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर केलं, रोज हरिपाठ म्हणतो. दोन्हींनी मला खूप दिलं. ही गाठ मात्र तशीच राहिली.

तुकोबा याच डोंगरावर बसले होते. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात घरातली माणसं अन्नावाचून गेली, दुकान बुडालं. थोरले बंधू सावजी त्याआधीच बायको वारल्यावर घर सोडून तीर्थाटनाला गेले होते. तुकोबांनाही ती वाट मोकळी होती. पण धाकटे कान्होबा शोधत आले, तेव्हा ते देहूला परतले आणि त्यांनी इंद्रायणीकाठी लोकांना दिलेल्या कर्जाची घरातली खतं, म्हणजे कागद, मागवली, असं परंपरा सांगते. कान्होबांना पुढचा संसार दिसत होता. मग निम्मी खतं त्यांना दिली आणि स्वतःच्या वाट्याची पाण्यात सोडली.

वैराग्य म्हणजे आपण काही न घेणं, एवढंच मी धरून चाललो होतो. इथे तर देणेकऱ्यांच्या मानेवरचा भारही उतरला. दुष्काळातून जेमतेम वाचलेल्या त्या घरांना त्या दिवशी काय वाटलं असेल! तुकोबांच्या साधनेचा विचार करताना मला आता ती घरं आधी आठवतात.

आणि तुकोबांची बायको जिजाई. घर तिलाच चालवायचं होतं. तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर बसत, तेव्हा भाकरी घेऊन चढणारीही तीच. कीर्तनात तिला कजाग रंगवतात, ते मला अजिबात पटत नाही. त्या त्यागाची झळ तिलाही बसलीच.

भावाला आता फोन करायचा आहे. ‘पैसे राहू देत, तू घरी येत जा’, एवढंच सांगायचंय. पण त्या रकमेतले निम्मे आईच्या भिशीचे होते. ते सोडायचा अधिकार माझा नाही. रात्री जेवताना तिच्याशी बोलेन. ती नाही म्हणाली तर माझ्या वाट्यापुरतं सांगेन.