घेतली नाही, पण पाहिली मनसोक्त

आज भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यात, आंधळगावात मागावरची करवतकाठी साडी पाहिली. विकत घ्यायचा विचारच नव्हता, म्हणून की काय, अगदी निवांत पाहता आली. 😄

विणकर काका म्हणाले, "घ्या नका घेऊ, हात त लावून पाहा ताई." लावला. कोशाच्या रेशमाचा (टसरचा) पोत किंचित खरबरीत, तरी हाताला ऊबदार. रंग मधासारखा, तोही न रंगवता आलेला. आमच्याकडच्या जंगलात ऐन-अर्जुनाचा पाला खाऊन अळी कोश विणते, त्याचंच हे सूत. काठाला करवतीचे दाते. काठ आणि अंग यांचे धोटे (आडवा धागा नेणारे) वेगवेगळे, आणि प्रत्येक ओळीला दोन्ही धागे एकमेकांत अडकवायचे. एक दाता पूर्ण होताना पाहत बसले, चहा गार झाला.

माझ्याकडे साड्या मोजक्याच. एका पेटीत मावतात, आणि ते मला बरं वाटतं. सांभाळा, वाळवा, कसर लागली का बघा, ही कटकट कोणी सांगितली! (लग्नसराईत मात्र जीव थोडा चुळबुळतो, खोटं कशाला बोलू.)

पण फुकट कौतुक करून निघून येणं विणकराला परवडत नाही, हेही खरं. ज्यांना ऐपत आहे त्यांनी तिथंच जाऊन घ्यावी, घासाघीस न करता.

घरी आल्यावर वहिनीचा पहिला प्रश्न, "मंग घेतली काहून नाही?" फोटो दाखवले. पुढच्या खेपेला ती येणार आहे, पैसे घेऊन.