मागचे दोन स्पीकर

आमच्या घरात मागचा उजवा स्पीकर देवघराच्या वर आहे आणि मागचा डावा फ्रीजवर. सांगलीच्या विश्रामबागेतल्या आटोपशीर फ्लॅटमध्ये दुसरी जागाच नाही. समोर डावा, उजवा आणि मधला, पाठीशी हे दोघे, असे झाले पाच. चहूबाजूंनी आवाज देणाऱ्या या ‘फाइव्ह पॉइंट वन’ संचातला ‘पॉइंट वन’ म्हणतात तो सहावा, नुसत्या खर्जाचे हादरे देणारा सबवूफर. सौभाग्यवती त्याला ‘ठोकळा’ म्हणतात आणि त्याच्यावर कुरडयांचा डबा ठेवतात. डब्याचं झाकण थरथरलं की खालचे स्वर नीट निघतायत हे मला कळतं, म्हणून मी तो डबा हलवू देत नाही. ‘अहो, देवाला घंटी ऐकू जायला हवी, ढोल नव्हे,’ एवढीच त्यांची तक्रार आहे.

माझी तक्रार वेगळी आहे. एवढं सगळं बसवलं, पण लावायचं काय? सिनेमात हेलिकॉप्टर फ्रीजवरून निघून देवघराकडे जातं, पाऊस चारी बाजूंनी पडतो, हे पहिले काही दिवस गंमतीचं वाटतं. मग गाणी ऐकावीशी वाटतात, आणि गाणी तर दोनच वाटांची, म्हणजे डाव्या-उजव्या अशा दोनच स्पीकरांसाठी मुद्रित केलेली. यंत्र ती आपल्या मनाने पाच स्पीकरांत पसरतं. त्यावर ‘हॉल’ नावाचं एक बटण आहे, ते दाबलं की गायिका विहिरीत उतरून गातेय असं वाटतं. ते बटण मी चिकटपट्टीने बंद केलंय.

परदेशी मंडळींची या बाबतीत चंगळ आहे. पिंक फ्लॉइड या इंग्रजी रॉक बँडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा अल्बम 1973 सालचा. त्याचं चार स्पीकरांसाठीचं मिश्रण, म्हणजे मिक्स, त्याच दशकात झालं आणि 2003 साली पाच स्पीकरांचंही निघालं. त्यातली ती सुप्रसिद्ध घड्याळं अॅलन पार्सन्स या ध्वनिमुद्रकाने जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन एकेक करून टिपली होती, तीही मुळात चार बाजूंच्या आवाजाचं प्रात्यक्षिक दाखवण्यासाठी. म्हणजे मुद्रण करतानाच माणूस चार कोपऱ्यांचा विचार करत होता. तिकडे स्टीव्हन विल्सन नावाचा गृहस्थ तर जुने अल्बम घ्यायचे, मूळ टेपा मागवायच्या आणि नव्याने पाच स्पीकरांत मांडायचे, यासाठीच नावाजलेला आहे. आपल्याकडे असा कोणी असता तर त्याला सांगलीत बोलावून भडंग खायला घातलं असतं आणि हातात आमची यादी दिली असती.

यादी आहे, पाच स्पीकरांत मांडाव्यात अशा आपल्याकडच्या रेकॉर्डींची. आम्ही चार-पाच जण ती गेली कित्येक वर्षं करतोय आणि ती काही पुरी होत नाही. पहिल्या नावावर मात्र कधीच भांडण झालं नाही: ‘कॉल ऑफ द व्हॅली’, 1967. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार आणि माणिकराव पोपटकरांचा तबला. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस. पहाटेच्या अहिर भैरवात सुरू होतो आणि पहाडीत संपतो. ही रेकॉर्ड म्हणजे मोकळी जागाच आहे, त्यामुळे तिला पाच स्पीकर शोभतील. पण कसे? माझा एक मित्र म्हणतो, बासरी खोलीभर फिरली पाहिजे. मी म्हणतो, मेंढपाळ काय हेलिकॉप्टर आहे? बासरी मागून यावी, लांबून, आणि दिवसभर तिथेच राहावी. संतूर पुढे, गिटार किंचित बाजूला. ऐकणारा दरीत बसलाय आणि कोणीतरी त्याच्या पाठीमागच्या उतारावर वाजवतंय, बस्स. मिक्स करणाऱ्याचा मोह आवरला तरच ही रेकॉर्ड वाचेल.

दुसरं नाव ‘दिल पडोसी है’, 1987. आशा भोसले, आर. डी. बर्मन ऊर्फ पंचम आणि गुलजार. आशाताईंचा जन्म सांगलीचा, 1933 सालचा, त्यामुळे या अल्बमवर आमचा माहेरचा हक्क आहे असं आम्ही धरून चालतो. सिनेमाचं बंधन नसल्यामुळे पंचमने यात आवाज आणि वाद्यं मनसोक्त खेळवलीत. तिसरा ‘शोले’. 1975 साली तो 70 एमएमवर स्टिरिओफोनिक आवाजात लागला. मुंबईला मिनर्व्हा थिएटरात पाहून आलेला माझा चुलतभाऊ अजून सांगतो की जयचं नाणं आपल्याच खुर्चीखाली पडलं. पुढे संवादांची रेकॉर्डही धो धो खपली, पण त्यात नाणं बिचारं समोरच पडतं.

माझ्या मित्राच्या रेकॉर्डी 2019 च्या पुरात गावभागातल्या घरात बुडाल्या होत्या. तबकड्या धुऊन पुसून वाजल्या. कव्हरांचा लगदा झाला. आता त्याच्याकडे पांढऱ्या पिशव्यांतून निघणाऱ्या काळ्या तबकड्या आहेत आणि लेबल पुसट झालेली रेकॉर्ड कुठली हे सुई ठेवल्याशिवाय कळत नाही. त्याचं म्हणणं, असंच ऐकावं.

यादी अडकते ती जुन्या गाण्यांपाशी. पाच स्पीकरांत मांडायचं तर प्रत्येक वाद्य टेपेवर वेगळ्या पट्टीत, म्हणजे वेगळ्या ट्रॅकवर, असावं लागतं. पन्नास-साठच्या दशकातल्या गाण्यात तसं काही नव्हतं. गायक, कोरस, व्हायोलिनवाले, ढोलकवाले सगळे एका हॉलमध्ये, एकाच वेळी, आणि चुकलं की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. कोणाला माइकजवळ बसवायचं आणि कोणाला चार पावलं मागे, हेच मिक्सिंग. राजकमल स्टुडिओच्या मंगेश देसाईंसारखे रेकॉर्डिस्ट हे कानाने ठरवत आणि त्यातून जी एक वाट उरे, तीच गाण्याची. ती पुन्हा उकलायची कशी? ‘मुघल-ए-आझम’ 2004 साली रंगीत झाला तेव्हा आवाज मूळचे ठेवून वाद्यमेळ नव्याने वाजवून घेतला, नौशाद तेव्हा हयात होते. ऐकायला झकास आहे. पण त्यात आवाज एका हॉलमधला आणि वाद्यं दुसऱ्या हॉलमधली, आणि मला सारखं ते जाणवत राहतं.

आता संगणकाने नवा मार्ग काढलाय. बीटल्सचा 1966 सालचा ‘रिव्हॉल्व्हर’ चारच पट्ट्यांवर होता. त्यात एकमेकांत मिसळलेली वाद्यं प्रोग्रामने सुटी केली आणि 2022 मध्ये नवं मिश्रण निघालं. ते वाचल्यापासून आमच्यातल्या एकाने ‘गीतरामायण’ यादीत घातलंय. पुणे आकाशवाणीवर 1955 ते 56, आठवड्याला एक गीत, एकूण 56. गदिमांचे शब्द, बाबूजींच्या चाली. माझा या नावाला विरोध आहे. माझी आत्या सांगायची, वाड्यात एकच रेडिओ होता, खिडकीत ठेवलेला, आणि गीत सुरू झालं की सगळा बोळ खाली गोळा व्हायचा. म्हणजे आवाज माणसांच्या भोवती नव्हता, माणसं आवाजाच्या भोवती होती. तिथे पाच स्पीकर काय करणार?

खरं सांगायचं तर मला या सगळ्यांपेक्षा वेगळंच काहीतरी हवंय, आणि ते मला मिरजेत कळलं. मिरज आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. तिथली सतार आणि तंबोरा यांना 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण मानांकनाआधी दीडेकशे वर्षं तो धंदा चालूच आहे. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे दुकानांत टांगलेले असतात. एका कारागिराकडे गेलो तेव्हा तो तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, लावत होता. घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली सुताचा धागा घालायचा, केसभर पुढे-मागे सरकवायचा आणि ऐकायचं. त्याने मला जवळ बसवलं आणि दुसरा जुळलेला तंबोरा मुलाच्या हातात दिला. दोन तंबोरे पाठीशी, एक डाव्या खांद्यामागे, एक उजव्या.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. गायक जन्मभर हेच ऐकतो. पाठीमागे दोन तंबोरे, एका बाजूला तबला, दुसऱ्या बाजूला पेटी. मागचे दोन स्पीकर लावण्याची कल्पना परदेशात कोणाला सुचायच्या आधीपासून आपल्या मैफलीत ते बसलेले आहेत, फक्त त्यांच्या मधली जागा श्रोत्याला कधी मिळत नाही. आम्ही समोर बसतो आणि तंबोऱ्याचं जे थोडंफार पोचेल तेवढंच घेतो. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्या मी समोरच्या एकाच स्पीकरवर ऐकतो, त्यांना हात लावू नये. पण त्या तबकड्यांत तंबोरा इतका पुसट आहे की खाँसाहेब कशावर टेकून गातायत हे अंदाजानेच समजावं लागतं. ते 1937 साली गेले, त्यांची समाधी मिरजेच्या दर्ग्यात आहे आणि तिथल्या उरुसात दर वर्षी मोठमोठे कलाकार हजेरी लावतात.

तर आमचा बेत असा की पुढच्या उरुसाला एखाद्या तरुण गायकाला राजी करायचं आणि त्याच्या डोक्यामागे एका स्टँडवर चार माइक लावायचे, चारी दिशांना तोंडं करून. भाचा इंजिनिअरिंगला आहे, माइक तो आणतो म्हणतो. मुद्रण मग जसंच्या तसं पाच स्पीकरांत, मागचे दोन म्हणजे दोन तंबोरे, मिक्स वगैरे काही नाही. गायक तयार झालाय. अडलंय तंबोऱ्यावर बसणाऱ्या त्याच्या शिष्येपाशी. ती म्हणते, ‘काका, स्टँड माझ्या आणि गुरुजींच्या मध्ये आला तर मला त्यांचा मानेचा इशारा दिसणार कसा?’ यावर आमच्यापैकी कोणाकडेही उत्तर नाही. भाचा म्हणतोय स्टँड वरून लटकवू. मंडपाचा बांबू तेवढा भार घेईल का, हे विचारायला उद्या मांडववाल्याकडे जायचंय.